पाण्याची चाल

छातीतली गाठ दाखवायला आई तयार झाली ती एकाच अटीवर. सुई टोचायची नाही. सुई लागली की गाठ खवळते आणि अंगभर पसरते, असं मंद्रूपच्या बाजारात तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी शाळेत पोरांवर ओरडते तशी तिच्यावर ओरडले, पण ढिम्म हलली नाही. शेवटी सोलापूरच्या डॉक्टर जगदेवीबाई म्हणाल्या, आधी एमआरआयमध्ये बिनसुईचं बघू.

तिथं नवं नाटक. अंगावर धातू चालत नाही आणि आमच्या मातोश्री सारजाबाई मंगळसूत्र काढायला तयार नाहीत! मी पुन्हा तोंड उघडणार, तोच वडिलांनी, आप्पांनी, खिशातून पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड काढलं. घरूनच आणलं होतं, मला न सांगता. माझा राग तिथंच विरघळला. त्यांनी ते तिच्या गळ्यात बांधलं, मंगळसूत्र मुठीत घेतलं आणि आई यंत्रात पालथी झोपली. आत यंत्रमागासारखा खडखडाट सुरू झाला.

तपासणी झाल्यावर बाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं.

"अंगातलं पाणी सारखं हलत असतं. हे यंत्र ती हालचाल मोजतं. पाणी मोकळं फिरलं तर या चित्रात उजळ दिसतं. पेशी दाटल्या की पाणी अडतं, तिथं काळं."

हाताला लागणारी गाठ उजळ होती. तिथल्या पाण्याच्या हालचालीचा आकडाही चांगला आला होता. मी हुश्श करणार, तेवढ्यात बाईंचं बोट खाली सरकलं. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता, हाताला कधीच न लागलेला.

"ह्याचा मला संशय आहे. सुईनं तुकडा काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण लहान आहे, लवकर दिसलाय."

मी लगेच तुकडा काढायची तारीख विचारायला लागले. आई मात्र डोळे विस्फारून पडद्याकडे बघत होती.

"माज्या आत पानी चालतंय, आन् ते हितं बसून दिसतंय व्हय?"

"व्हय की," आप्पा म्हणाले. जन्मभर रानाला पाणी पाजलेला माणूस तो. "एवढंसं अडलेलं बी दिसतंय. लई मोठं काम हाय हे."

गाभाऱ्यात उभं राहिल्यावर वाटतं, तसं वाटलं आम्हा तिघांना. भीती होतीच, पण त्या चित्रावरून नजर हटेना.

थोड्या वेळानं आप्पांनी मूठ उघडून मंगळसूत्र पुढं केलं. आईनं हळकुंडावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. सुई टोचून झाल्याव घालीन."