कोपर धरलं कोणी?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध बसली होती बॅडमिंटनची खेळाडू असलेली एक पोरगी, उजवं कोपर पोटाशी घट्ट धरून. समोर मोकळेबाबा. धरलेलं मोकळं करतात म्हणे, म्हणून हे नाव!

"पोरीचं कोपर धरलंय, बाबा," आई म्हणाली.

"धरलंयच! पण कोणी?" बाबांनी डोळे गरागरा फिरवले. "घरातलं कोण गेलंय?"

झालं! शब्द सापडला, भूत उभं राहिलं. आई रडत म्हणाली, "थोरली." पोरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तापानं गेलेल्या ताईचीच रॅकेट ती रोज तासन् तास फिरवत होती.

"तळहात खाली कर. पाण्याचा जग वरून पकड, उचल," बाबांनी तिला फर्मावलं.

कळ थेट मस्तकात गेली. जग आपटला.

"पाहिलंत? तिनं हिसकावला!"

मग धूर, फूं फूं आणि अगम्य पुटपुट. "आता तळहात वर. जगाखाली घाल." जग अलगद उचलला गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"रॅकेट जाळा, नाहीतर ती हातच नेईल!"

तेव्हापासून पोरगी ताईच्या रिकाम्या खोलीसमोरून श्वास रोखून जाई. मागून कुणी मनगट पकडेल असं वाटे. भीतीपेक्षा दुःख मोठं होतं. एवढा जीव लावणारी ताई आपल्यावर रागावली? रॅकेट जाळायची म्हणजे ताईला दुसऱ्यांदा जाळायचं.

शेवटी एक दिवस आईनं काड्यापेटी काढली, तेवढ्यात मावशी आली. मावशी फिजिओथेरपिस्ट. सगळं ऐकून तिनं भरलेला जग मागवला. तळहात खाली, पोरगी कळवळली. तळहात वर, जग उचलला. ना धूर, ना मंत्र.

"अगं, भुताला तळहाताची बाजू कळते होय?" मावशी आईवर कडाडली. "मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला जोडलेले असतात. अतिखेळानं ती जागा दुखावलीय. तळहात वर केला की भार दुसऱ्या स्नायूंवर जातो. एवढीच त्या भामट्याची विद्या!"

"मग ताईनं नाही धरलं?"

"तूच धरलंस, बाळा. रॅकेटचा दांडा तिच्या मोठ्या मुठीच्या मापाचा. निसटू नये म्हणून तू आवळत राहिलीस."

पोरगी ओक्साबोक्शी रडली. ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

पुढे चमत्कार काही झाला नाही. खेळ थांबला. हलकं वजन हळूहळू खाली सोडायचा व्यायाम, कंटाळा, पुन्हा व्यायाम. कित्येक महिन्यांनी ती कोर्टवर उतरली, स्वतःच्या मापाची रॅकेट घेऊन. ताईची भिंतीवर आहे.

तेव्हा बाबांनो, दुखरा सांधा डॉक्टरला दाखवा. आणि आपली गेलेली माणसं आपल्यावर प्रेम करत होती, एवढं तरी विसरू नका.