मान हलली की बरोबर

"बाई हल्ली काहीही सांगितलं तरी बरोबरच म्हणतात," शिकवणीतली एक चिमुरडी शेजारणीच्या कानाशी कुरकुरली. "मजाच नाही."

भिंतीला टेकून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सुनेने ते ऐकलं आणि तिची झोपच उडाली. बिस्किटांच्या कारखान्यात पहाटेची पाळी करून आलेलं शरीर. दुपारी सासूबाईंच्या शिकवणीत बसलं की डोळे आपोआप मिटायचे.

पण बसणं भाग होतं. सासूबाई पोरांना इंग्रजी व्याकरण शिकवत. "नाम म्हणजे नाव, क्रियापद म्हणजे काम, विशेषण म्हणजे गुण. आता सांगा, 'जंप' काय?" पोरं उत्तर द्यायची आणि सासूबाईंची नजर त्यांच्या डोक्यांवरून सुनेकडे जायची. तिची मान उभी हलली की बरोबर, आडवी हलली की चूक. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपसूक घडत गेलं होतं. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा तर म्हणायचा, "आईला काय धाड भरलीय? रस्त्यावर गोंगाट फार." खिडकी बंद असली तरी म्हणायचा.

आता पेंगताना मान उभीच हलते, त्याला सून काय करणार?

शिकवणी सुटली तेव्हा त्याच चिमुरडीची आई दारात उभी. "बाई, राग मानू नका. हिने शाळेत 'हॅपी' म्हणजे क्रियापद असं सांगितलं. म्हणते, बाईंनीच बरोबर म्हटलं. उद्यापासून हिला दुसरीकडे घालते. बाकीच्या आयाही तेच म्हणताहेत."

"हो हो," सासूबाई हसून म्हणाल्या, "हुशार आहे पोरगी."

पोरीची आई गोंधळून सुनेकडे वळली.

"ताई, चूक माझी आहे," सून म्हणाली. "मला डुलकी लागली होती."

"शिकवतात त्या. तुमच्या डुलकीने काय बिघडलं?"

आतून नवरा आला. "अहो, रस्त्यावर गोंगाट..."

"पुरे हो," सून म्हणाली. तिला आता लपवायचाही कंटाळा आला होता. आज वेळ मारून नेली, तर उद्या ही खोली रिकामी, आणि पोरांशिवाय सासूबाईंचा दिवस उगवायचा कशासाठी? ती त्यांच्यासमोर खाली बसली. ओठ नीट दिसतील इतकी जवळ. त्यांचा खडूने माखलेला हात हातात घेऊन सावकाश म्हणाली,

"आई, तुम्हाला ऐकू येत नाही."