एका सभासदाचं मंडळ

चाकणच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बंधुभाव मंडळ मोठ्या दणक्यात चालायचं. मुलीही त्यात बंधूच. मंडळात येणाऱ्याच्या अंगी नेतृत्व बाणलंच पाहिजे असा दंडक होता, त्यामुळं जो येई त्याला कसलं ना कसलं अध्यक्षपद मिळायचं. समर्थ मुख्य अध्यक्ष, दिव्या फलक-अध्यक्ष. प्राजक्ता मौन-अध्यक्ष, आणि बोलून बोलून तिचाच घसा कायम बसलेला. हारतुऱ्यांना अध्यक्ष होता, खुर्च्यांनाही होता. साधा सभासद मात्र औषधालाही नव्हता.

हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. त्यांनी बजावलं, "निदान एक तरी सभासद दाखवा, नाहीतर मंडळाला टाळं लावतो."

झालं! सगळे अध्यक्ष सभासद शोधत वर्गावर्गांतून हिंडले आणि शेवटी सरफराजपाशी येऊन थांबले. दापोडीत गॅरेज चालवणाऱ्या जहीर मिस्त्रींचा हा मुलगा इतका बुजरा, की कँटीनमध्ये चहा मागितल्यावर कुणी पुढ्यात मिसळ ठेवली तरी मुकाट्यानं खायचा.

"भावा, सभासद हो," समर्थ म्हणाला. "व्यक्तिमत्त्व फुलेल बघ तुझं."

"मला करायचं काय?"

"तू काहीच नाही करायचं. नेतृत्व आम्ही करू, तू ते करून घ्यायचं."

सरफराजला नाही म्हणायला कधी जमलंच नव्हतं, म्हणून तो हो म्हणाला. शिवाय कुणीतरी आपल्याला आपणहून बोलावतंय, याचं मनातून बरंही वाटलं होतं.

त्या दिवसापासून त्याला श्वास घ्यायला उसंत राहिली नाही. तो बसला की उठवायला एक अध्यक्ष, उठला की बसवायला दुसरा. दिव्या त्याला लायब्ररीपर्यंत मार्ग दाखवत न्यायची आणि परतीच्या मार्गदर्शनाचा हक्क दुसऱ्याचा म्हणून तिथंच सोडून यायची. प्राजक्ता त्याला तासन्‌तास मौनाचं महत्त्व ऐकवायची. मंडळाची वक्तृत्व स्पर्धा झाली, तेव्हा स्टेजवर झाडून सगळे अध्यक्ष आणि समोर एकटा सरफराज. विषय होता, 'मागच्या रांगेतल्या माणसाला पुढं कसं आणावं.' त्यासाठी त्याला मुद्दाम मागच्या रांगेत बसवलं होतं. टाळ्या वाजवून त्याचे तळवे सुजले.

मग एकदा अध्यक्षांत फूट पडली. एका गटानं वर्गात सभा बोलावली, दुसऱ्यानं गच्चीवर. सभासदाशिवाय सभा भरणार कशी? दोन्ही गटांनी सरफराजचा एकेक हात धरला आणि ओढायला सुरुवात केली. शर्टाची बाही टर्रकन फाटली.

"नाही," सरफराज म्हणाला.

आवाज एवढासाच होता, पण सगळ्यांचे हात सुटले. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाही पटेना. तो तडक बाहेर पडला, मिळेल त्या बसनं दापोडीला गेला आणि पुढं कॉलेजकडं फिरकलाच नाही.

मंडळ हवालदिल झालं. शेवटी हारतुरे आणि भला मोठा फलक घेऊन सगळे अध्यक्ष दापोडीत गॅरेजपुढं हजर झाले. सरफराजची अम्मी, नजमा, चहा टाकायला आत गेली. नेमका तेव्हाच गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या कोंडीराममामांचा टेम्पो दारात अडून बसला होता. चाकणच्या मार्केटला कांदा भरायला जायचं, आणि स्टार्टर काही दाद देईना.

"पोरांनो, जरा धक्का मारा," जहीरभाई म्हणाले.

अध्यक्षांना संधीच पाहिजे होती. वरून नेतृत्व चांगलं होतं म्हणून समर्थ टेम्पोच्या हौद्यात चढला. अर्धे मागून ढकलू लागले, अर्धे पुढून. "आधी दोन शब्द बोलू या!" कुणीतरी ओरडलं. टेम्पो जागच्या जागी डुलत राहिला. कोंडीराममामांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

सरफराज दारात उभा होता. तो तरातरा पुढं आला.

"गप बसा सगळे! प्राजक्ता, पुढचे सगळे मागं घेऊन ये. दिव्या, फलक खाली ठेव. हां, आता ढकला!"

चहाचं पातेलं तसंच ठेवून नजमा बाहेर धावली. एवढा आवाज आपल्या घरात कुणाचा, हे तिला कळेना. टेम्पो खोकला, धूर सोडला आणि सुरू झाला. इंजिन परत बंद पडायला नको म्हणून मामांनी तो तसाच दामटला. समर्थ हौद्यातच होता.

दोनदा चहा झाला तरी त्याचा फोन काही लागला नाही. तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा लागला.

"राव, इथं एकपण अध्यक्ष नाही! डोक्यावर गोणी दिलीय. कुठं ठेवू?"

सगळे सरफराजकडं बघू लागले.

"मामांना विचार," सरफराज म्हणाला. "आणि मान सरळ ठेव."

फोन ठेवून त्यानं अम्मीच्या हातातला ट्रे घेतला आणि अध्यक्षांना जुन्या टायरांवर ओळीनं बसायला सांगितलं. ते बसले.