चिपळूण नावाचा पेशंट

मी मॅक्रो बोलतोय. हात नाहीत, पाय नाहीत. कॉम्प्युटरच्या एका शीटच्या कोपऱ्यात लिहिलेल्या हुकमांच्या नऊ ओळी, एवढाच माझा जीव. दोन बटणं एकदम दाबली की धावत सुटतो.

१९८८ साली रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये भास्करनं मला लिहिलं. मुंबईत शिकून आलेला, भलताच घाईचा माणूस. शीटवर आखलेली घरं; वर पेशंटची नावं, खाली त्याच क्रमानं थुंकीचे रिपोर्ट. मी वरून नाव उचलायचं, खालून रिपोर्ट उचलायचा आणि दोन्ही एका कागदावर छापायचे. घरांचे नंबर त्यानं मला पाठ करून दिले. झालं काम!

एकदा डॉक्टर म्हणाले, "विमला, यादी गाववार कर." विमला लॅबची टायपिस्ट. तिनं पावस गावच्या सहा नावांखाली नवी ओळ घुसवली आणि तिथं पुढच्या गावाचं नाव लिहिलं, 'चिपळूण'. त्यामुळं खालचं सगळं एकेक घर सरकलं, रिपोर्टसुद्धा. मला कोण सांगतंय? मी आपला जुन्याच नंबरांवर गेलो; वरची सहा नावं जागेवरच होती, पण प्रत्येकाला आधीच्याचा रिपोर्ट लागला.

पहिला कागद रिपोर्टाविना आला. विमलानं लॅबच्या हाती लिहिलेल्या वहीत बघून पेनानं भरला. सातवा आला: नाव चिपळूण, क्षयाचे जंतू आहेत. "अगो बाई, अख्ख्या चिपळूणला क्षय!" ती खदखदून हसली आणि तो कागद फाडला. पुढचे सगळे बरोबर निघाले, म्हणून मधले पाच तिनं तपासलेच नाहीत.

फाडला तो सहाव्या नावाचा रिपोर्ट होता, पावसच्या तुळसाचा. तिच्या हाती गेला पाचव्या धाकूचा: जंतू नाहीत. तिच्या कुशीत पाच महिन्यांचा मुलगा होता.

दोन महिन्यांनी तुळसा रक्त ओकली, तेव्हा वही उघडली गेली. भास्करनं मला एकेक ओळ थांबवत चालवलं. सातव्या कागदाशी त्याला चूक सापडली. मग त्यानं नंबर काढून घरांना नावं दिली; घर सरकलं की नावही त्याच्याबरोबर सरकतं. आता कितीही ओळी घुसवा, मी चुकत नाही. अर्ध्या तासाचं काम! आधी का नाही केलंस रे मेल्या?

परवा तुळसा पुन्हा आली. औषधानं गुण आलाय. विमलानं वहीशी दोनदा ताडून वाचून दाखवलं, "जंतू नाहीत. बरी झालीस गो."

"मागल्या वेळेस पण ह्याच लिवलेलं, बाय," तुळसा म्हणाली. "म्हणून तर पोराला उराशी घेऊन निजत होते मी."

मुलाला जाऊन तीन महिने झालेत. विमला तोंड झाकून रडायला लागली. तुळसानं कागद टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

अजून तिथंच पडलाय. या वेळचा खरा आहे हो, अगदी खरा आहे. कुणीतरी तिला नेऊन द्या.