पूड न टाकलेली बशी

मी काचेची पेट्री डिश, म्हणजे झाकणाची चपटी बशी बोलतेय, लातूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली. बोलतेय कसली, भांडतेच आहे म्हणा ना. डोकंच फिरलंय माझं.

कॉलेजात आले तेव्हा वाटलं होतं, चला, विद्येच्या कामी येऊ. कसलं काय! पोरं सगळी क्लासला. या गावात माझी आकृती काढून मार्क घेणारी हजारो सापडतील, पण मला हात लावणारं एक नाही. चार वर्षं ऑफिसातल्या भीमाशंकरनं माझ्यात टाचण्या ठेवल्या.

मग एम.एस्सी.ची जेबा आली. तिची अम्मी, वहिदा, क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये भांडी घासते. हात दिवसभर पाण्यात, बोटांच्या बेचक्यांत कायमच्या चिखल्या. ते यीस्ट नावाच्या बुरशीचं काम. जस्ताच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड, नॅनोकण म्हणतात ती, या यीस्टला मारते का, हे जेबाला बघायचं होतं. औषध सापडलं तर आधी अम्मीच्या हाताला लावायचं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलेलं.

पूड पाण्यात तळाशी बसायची, म्हणून तिला प्रयोग शिकवणाऱ्या अमरेश सरांनी ती स्पिरिटमध्ये कालवायला सांगितली. आम्हा पाच बश्यांत यीस्ट वाढवलं, मधोमध खड्डा पाडला. चौघींच्या खड्ड्यात पुडीचं स्पिरिट. माझ्यात नुसतं स्पिरिट, कारण एका बशीत पूड सोडून बाकी सगळं घालायचं, हा या कामाचा नियमच आहे; तरच पुडीनं काय केलं ते वेगळं कळतं.

दोन दिवसांनी चौघींत यीस्ट मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसलं, चौदा मिलिमीटरचं. सर खूश. मग जेबानं माझ्यावर पट्टी ठेवली. माझ्यातही चौदा! म्हणजे यीस्ट मारलं ते स्पिरिटनं. पुडीनं काही केल्याचा पुरावाच नव्हता.

सरांना क्लासच्या सकाळच्या बॅचला शिकवायला पळायचं होतं. त्यांनी मला धुऊन टाकायला सांगितलं. दुसऱ्या बशीत स्पिरिटऐवजी पाणी घालायचं आणि तिचा फोटो वहीत लावायचा.

"पाणी टाक की. कोण बघून राहिलंय?" असं म्हणाले हो, शिकवणारा माणूस! लाज कशी वाटली नाही? पाण्यानं यीस्ट मरत नाही, मग सगळं पुडीनंच केलं असं दिसणार, हे त्यांना माहीत नव्हतं का? वर म्हणे, तेच औषध मेसच्या बायकांना वाटू. फुटलेल्या कातडीवर स्पिरिट!

जेबा मला नळाखाली घेऊन उभी राहिली. सर वहीवर सही करणार नाहीत, वर्ष जाईल, हे तिला कळत होतं. माझा तर जीव मुठीत. तिनं नळ बंद केला.

"सर, सही नका करू. पुन्हा करीन मी सगळं. पण हे अम्मीच्या हाताला नाही लावायची."

सर बॅचला निघून गेले. सही अजून झालेली नाही. मी फ्रिजमध्ये आहे, झाकणावर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'पूड नाही, नुसतं स्पिरिट, १४ मिमी'. सोमवारी बाहेरचे परीक्षक येतील. परीक्षक साहेब, सर तुम्हाला त्या चौघी दाखवतील. त्या खोट्या नाहीत हो, पण मला बघितल्याशिवाय सही करू नका. नाहीतर उद्या सर मेसमध्ये वाटतील ते औषध वहिदाच्याही हातावर पडेल.