चारशे बारा ओळींची 'पाणी_सोडा'

मी एक जुनी मेथड आहे, मित्रांनो. जुनी म्हणावं की नवी, हेच मला हल्ली कळेनासं झालंय. मेथड म्हणजे संगणकाला दिलेली कामाची यादी: आधी हे कर, मग ते कर. माझं नाव 'पाणी_सोडा'. मुरुमच्या अलीकडं एक गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. तिथं आज कोणत्या गल्लीला नळाचं पाणी सोडायचं, ते मी ठरवते.

गावातल्याच राजपाल नावाच्या पोरानं मला लिहिलं तेव्हा मी वीस ओळींची होते, सुटसुटीत. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि माझे हाल सुरू झाले. जो येई तो माझ्या पोटात चार ओळी कोंबून जाई. कुणी सणवार घातले, कुणी नवी टाकी घातली, कुणी फोनवर जाणारे निरोप घातले. बघता बघता चारशे बारा ओळी झाल्या! मला वाचायला बसलेला माणूस दोनशेव्या ओळीला जांभई द्यायचा. एका शहाण्यानं तर माझ्या कपाळावर लिहून ठेवलं, 'हात लावू नये, चालतंय.'

चालतंय कसलं, कपाळ! पण कौतुक केवढं माझं! "कंप्युटर कधी चुकत न्हाय," असं सरपंच अण्णाराव चारचौघांत सांगायचे. ते ऐकून माझा जीव खालीवर व्हायचा. कारण मी चुकत होते.

खालच्या गल्लीच्या पाळीलाच लाईट गेली, की तिचं पाणी बुडायचं. बरं, बुडालं तर दुसऱ्या दिवशी द्यावं ना? माझ्या यादीत तिचं नावच नसायचं. आठ-आठ दिवस घागरी कोरड्या. चूक माझ्याच पोटात कुठंतरी होती, पण मला तोंड कुठंय सांगायला?

बोल लागला मुनवरचाचांना. चौदा वर्षं गावाचे व्हॉल्व्ह फिरवणारा हा माणूस. मी यादी देईन त्याप्रमाणं पाणी सोडणार, एवढंच त्यांच्या हातात. खालच्या गल्लीच्या गंगम्मा पंचायतीत येऊन कडाडल्या, "ह्यो मुद्दाम करतोय! आमचं पाणी कुणाला देतो, इचारा त्याला!"

"यादीत नाव न्हाय तर मी कसं सोडू, साहेब?" मुनवरचाचा म्हणाले.

"यादी कंप्युटरची हाय. ती चुकंल व्हय?" अण्णाराव गुरकावले. "गुरुवारी ग्रामसभा. तवर काय ते सांग, न्हायतर दुसरा माणूस बघतो."

मुनवरचाचा मान खाली घालून निघून गेले. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

पंचायतीत संगणकाचं काम बघायला बेंबळीची प्रीती नुकतीच लागली होती. तिनं सोमवारी मला उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "अगं बाई! हिला तोडल्याशिवाय काही दिसायचं न्हाय." माझं धाबंच दणाणलं. तुमचे तुकडे करायला कुणी निघालं तर तुम्ही गप्प बसाल का, मित्रांनो?

पण पोरगी जपून कापत होती. एक तुकडा वेगळा काढायची, त्याला नाव द्यायची आणि मागच्या महिन्याची यादी पुन्हा काढून बघायची. जुनी आणि नवी यादी तंतोतंत जुळली तरच पुढं. एका तुकड्याला तिनं 'तपासा' नाव दिलं आणि स्वतःवरच चिडली, "काय तपासा? डोंबल!" मग लिहिलं, 'टाकीत_पाणी_आहे_का'. दोन दिवस हेच. बुधवारी संध्याकाळी माझ्यात उरल्या सात ओळी, सात नावं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. तरी धाकधूक होतीच, कारण चूक अजून आतच होती.

प्रीतीनं मुनवरचाचांना बोलावलं. "चाचा, तुम्ही चौदा वर्षं हेच काम करताय. ही सात नावं वाचा बरं."

चाचा बोट ठेवून वाचू लागले. 'आजच्या_गल्ल्या_निवडा.' बरोबर. 'टाकीत_पाणी_आहे_का.' बरोबर. 'पाणी_दिल्याची_नोंद_करा.' 'पंप_सुरू_करा.' बोट थांबलं.

"पोरी, नोंद आधी अन् पंप मागनं? जेवायच्या आधीच ढेकर? पंप सुरू व्हायच्या टायमाला लाईट गेली, मंग?"

प्रीती डोळे विस्फारून बघतच राहिली. लाईट गेली तरी माझ्या लेखी त्या गल्लीला पाणी मिळालेलं! तिनं नोंदीची ओळ उचलून सगळ्यात शेवटी ठेवली. एवढंच.

गुरुवारी ग्रामसभेत प्रीतीनं ती सात नावं जुन्या क्रमानं मोठ्यानं वाचली. गंगम्मांना अक्षर येत नाही, पण त्यांनाही कळलं. "म्हंजे... यानं न्हाय केलं?" त्या पुटपुटल्या. अण्णाराव उठून मुनवरचाचांपाशी गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं. उद्यापास्नं तूच."

मुनवरचाचा हसले नाहीत. "सहा महिने मी हेच सांगत होतो, साहेब, की यादीत नाव न्हाय. तवा कुणी ऐकलं न्हाय."

मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतो?

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. उद्या कुणीतरी घाईत येईल आणि माझ्या पोटात पुन्हा चार ओळी कोंबेल, या भीतीनं माझा जीव आजही थाऱ्यावर नसतो. त्या ओळी वेगळ्या काढा, त्यांना धड नाव द्या, आणि रोज ते काम करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. चारशे बारा ओळींत चूक सापडत नाही, आणि मग माणूस धरला जातो.