भोपळ्याचा डोळा

फाटकाबाहेर सकाळपासून झुंबड उडाली होती. कुणी फुलं आणली होती, कुणी तापलेलं पोर कडेवर घेऊन आलं होतं. सगळ्यांना परसबागेतला भोपळा बघायचा होता. त्याच्या सालीवर चक्क डोळा उमटला होता, बुबुळ, पापण्या, वर भुवईसुद्धा!

"ढकलू नका, सगळ्यांना दर्शन मिळेल!" असं ओरडणारे गृहस्थ भोपळ्याचे मालक. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणत.

सरांनी जन्मभर मुलांना 'का?' विचारायला शिकवलं; निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना कुणी काहीच विचारेना. उन्हाळ्यात त्यांनी भाज्या लावल्या, तर काकड्या कडू निघाल्या, वांगी किडली. शेजारी फाटकावरून डोकावून एवढंच म्हणत, "आज काय वाळलं, सर?" अशात एका दुपारी एक बाबा पाणी मागायला आला. सर पाणी आणायला आत गेले, बाबा वेलापाशी थांबला. पाणी पिऊन म्हणाला, "मास्तर, तुमचा हात पवित्र आहे. या बागेत लवकरच डोळा उघडेल."

भोपळा मोठा झाला, डोळा उघडला आणि सरांचे मिटले.

बाबाने मग बागेतच बस्तान बसवलं. "व्हायब्रेशन आहेत, व्हायब्रेशन! खोटं वाटतं? विचारा मास्तरांना, ते विज्ञानवाले!" सर गंभीरपणे मान डोलवत. भोपळ्यावरून ओघळलेलं पाणी बाबा बाटल्यांत भरून विकायचा, आणि झाकणं लावायला सर.

सरांची बायको चित्रकलेची शिक्षिका. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "हा डोळा हाताने काढलाय. ही रेघ बघा, इथे अडखळलीय."

"तुला त्यातलं कळत नाही," सर फिस्कारले होते. बाहेर लोक वाट बघत होते ना!

आज रांगेत समोरच्या घरातल्या काकू भिंतीला धरून उभ्या होत्या.

"काकू, बरं वाटत नाही का?" सरांनी विचारलं.

"गरगरतंय हो. बाबा म्हणाले, हे पाणी घेतेस तर ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोड. सोडल्या. तुम्ही शेजारी उभे होतात, म्हणून विश्वास बसला."

सरांच्या हातातलं झाकण गळून पडलं. ते खरंच शेजारी उभे होते. मानही डोलावली असणार.

"काकूंना आधी डॉक्टरांकडे न्या!" ते ओरडले. काकूंची सून धावत आली, रिक्षा बोलावली.

"शंका घेतली की पाण्याचं विष होतं!" बाबा गरजला.

"जरा मागे या सगळे," सरांची बायको शांतपणे म्हणाली. "तिकडे अजून एक अवतार आहे."

लोक धावले. घेवड्याच्या मांडवाआड एक भोपळा होता. त्यावर गोल चष्मा, झुपकेदार मिश्या आणि टकलावर चुकार केस. एका आजीबाईंनी भक्तिभावाने हात जोडले.

"हे कोण गं महाराज?"

"आमचे हे."

हशा पिकला. सर कानापर्यंत लाल झाले, आणि मग तेही पोट धरून हसले.

"कोवळ्या भोपळ्यावर मी सुईने ओरखडे काढले," ती म्हणाली. "जखम भरताना तिथे खपली धरते. फळ फुगतं तसं चित्रही मोठं होतं. मंत्र नाही, तंत्र नाही."

सर बाबाकडे वळले. "मी पाणी आणायला आत गेलो, तेव्हा नख चालवलंस ना?"

"माझी ध्यानाची वेळ झाली," म्हणत बाबा निघाला. पण फाटकात टपाल द्यायला आलेला पोस्टमन सायकल आडवी लावून उभा होता. "ध्यान चौकीत करा, बाबा. मी फोन केलाय."

संध्याकाळी काकू परतल्या. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करून भरपूर झापलं होतं.

"काकू, मलाही चार शिव्या घाला," सर म्हणाले.

"रिक्षातच घातल्या!"

जमलेल्यांतल्या कुणीतरी विचारलं, "पण सर, बाबाने तुमचीच बाग का निवडली?"

"कौतुकाला हपापलेला माणूस त्याला लांबूनच दिसला," सर म्हणाले. "भोपळ्यावरचा डोळा खोटा होता, माझी मान मात्र खरी होती. तिने जास्त नुकसान केलं. तेव्हा बाबाचं ऐकू नका, आणि केवळ सर म्हणतात म्हणून माझंही ऐकू नका. हे कसं घडलं ते विचारा, स्वतः करून बघा. आणि औषध सोडायचं की नाही, ते फक्त डॉक्टरांना विचारा."